जिथं कपडे वाळत नसत

पेंग्विन चावतो. तिकीट काढून आलेल्या लोकांना हे सांगितलं की ते कौतुकानं हसतात, म्हणून हल्ली मी सांगत नाही, नुसता डावा हात पुढे करतो. अंगठ्यापासून मनगटापर्यंत सात व्रण आहेत. मग मुलांचे हात आपोआप खिशात जातात.

माझं नाव इगशान कमालदीन. मॉसेलक्लिपच्या किनाऱ्यावर मी पेंग्विनांचा राखणदार आहे. खाकी गणवेश, जाड हातमोजे, छातीवर पक्ष्याचं चित्र. एखादा पेंग्विन वाट चुकून गाडीखाली, हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसला की मला बोलावणं येतं. मी त्याला उचलतो, त्याचे चावे खातो आणि त्याच्या घरी नेऊन सोडतो. त्याला दगड मारला तर दंड आहे, त्याचं घरटं हलवलं तर तुरुंग. आमच्या घरच्या माणसांनाही या गावातून सरकारी लोकांनी एकदा असंच उचललं होतं. फक्त दिशा उलटी होती.

ते साल १९६७. ही वस्ती यापुढे गोऱ्यांची, असा वर्णभेदी सरकारचा कागद निघाला आणि केपच्या आम्हा मुसलमानांची चाळीसेक घरं ट्रकमध्ये भरून डोंगरापलीकडे नेऊन टाकली. नव्या वस्तीला नाव दिलं सीसिख, म्हणजे समुद्रदर्शन. तिथून समुद्र दिसत नाही, ऐकूही येत नाही. वारा फिरला तर कधीमधी वास येतो. माझा जन्म तिथला. इकडे मॉसेलक्लिपची घरं बुलडोझरनं पाडली, आणि एवढी घाई करून मोकळ्या केलेल्या त्या जागेवर कुणी एक वीटसुद्धा रचली नाही. पंधरा-सोळा वर्षांनी समुद्रातून पेंग्विनांच्या दोन जोड्या आल्या. त्यांना जागा पसंत पडली. त्यांचा रंग कुणी विचारला नाही. तसे ते काळेही होते आणि गोरेही. आता ते दोन हजारांवर आहेत.

माझी आई रुगाया. एकाहत्तर वर्षांची आहे आणि अजून माझ्या शर्टाची इस्त्री तिला पसंत पडत नाही. सीसिखहून मॉसेलक्लिप गाडीनं वीस मिनिटांवर, पण सदतीस वर्षांत तिनं तिथं पाऊल टाकलेलं नव्हतं. नवं सरकार आल्यावर ज्यांना हाकललं त्यांनी आपापल्या जागेवर दावा लावावा असं जाहीर झालं, तेव्हा तिनं मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात रांगेत उभं राहून दावा लावला. घर गेलं होतं, पण चौथरा शिल्लक होता, जागा सरकारी आणि रिकामी होती. दावा लागण्यासारखा होता. कचेरीतून दर वर्षी उत्तर यायचं की आपले प्रकरण विचाराधीन आहे. शेजारणी नातवंडांना घेऊन पेंग्विन बघायला जायच्या, हिलाही बोलवायच्या. ही म्हणायची, "जाईन तेव्हा माझ्या घरी जाईन. स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरायला मी तिकीट काढणार नाही."

आता त्या चाळीस घरांबद्दल सांगतो. म्हणजे पेंग्विनांच्या.

पेंग्विन पूर्वी स्वतःच्याच विष्ठेच्या जुन्या थरांत बिळं करून अंडी घालायचे. तो थर माणसांनी खत म्हणून खरवडून नेला. आता ते उघड्यावर बसतात, उन्हानं पिल्लं मरतात, उरलेली समुद्रपक्षी नेतात. म्हणून डॉक्टर हानेके नावाच्या बाईंनी सिमेंटची घरटी तयार केली. हानेके मनानं चांगली, उन्हानं नाक कायम सोललेलं, पक्ष्यांसाठी जीव टाकणारी. तिनं चाळीस घरटी मोठ्या खडकांच्या वरच्या सपाट माळावर मांडून घेतली. सरळ चार ओळी, एका मापाची घरं, प्रत्येकाच्या दारावर आकडा. मी सीसिखमध्ये वाढलेला असल्यामुळे मला ती रचना लगेच ओळखू आली. पेंग्विनांनाही आली असावी, कारण पाच महिन्यांत एकही आत गेला नाही.

हानेकेनं आम्हाला बोलावून सांगितलं, "मे महिन्यात मोजणी आहे. तोवर जोड्या आत बसल्या नाहीत तर पैसे देणारी संस्था प्रकल्प बंद करणार. चार राखणदार कमी होतील." ती हे सांगताना रडवेली झाली होती. त्या चारांत मी होतो, पण धीर मलाच तिला द्यावा लागला.

रविवारी सकाळी आमच्याकडे कुसिस्टर होतात, मसाला घातलेले तळलेले गोळे, पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले. मी तिसरा तोंडात टाकत असताना आई म्हणाली, "तुझे पक्षी नव्या घरात जात नाहीत म्हणे."

"नाही जात."

"फुकट आहेत ना घरं?"

"फुकट आहेत."

"मग त्यांना अक्कल आहे. सरकार फुकट घर देतं तेव्हा आधी पळायला शिकावं. मांडलीत कुठं?"

"मोठ्या खडकांच्या वर. मस्त सपाट जागा आहे आई, एक दगड नाही."

आईनं हातातला झारा खाली ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायली, पुन्हा हसली. "दगड कसे असतील? आम्ही उचलले ते. मी, तुझी मावशी, शेजारच्या सालीभाईची बायको, अशा सोळा जणी. ते आमचं कपडे वाळत घालायचं मैदान रे, गाढवा."

मॉसेलक्लिपच्या बायका नौदलाच्या साहेबांचे कपडे धुवायच्या हे मला ठाऊक होतं. ते कुठं वाळायचे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"चादर अर्ध्या तासात वाळायची," आई म्हणाली. "खळ घातलेले पांढरे युनिफॉर्म तासाभरात खडखडीत. फेब्रुवारीच्या उन्हात आग्नेयेचा साउथईस्टर वारा सुटला की तिथं बाईनं रडायचं म्हटलं तरी पाणी गालावर यायच्या आत सुकायचं. आणि तुमची ती शिकलेली बाई तिथं अंडी घालायला सांगते?"

"मग तू चल आणि दाखव."

"मी नाही येणार."

नाही म्हणाली खरी, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. आयुष्यभर ज्या कामात तिचा हात कुणी धरला नाही, त्या कामाची कुणीतरी माती करत होतं, आणि तेही पगार घेऊन. मंगळवारी तिनं विचारलं, "दारं कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, समुद्राकडे, आग्नेयेला. ती म्हणाली, "म्हणजे वाऱ्याच्या तोंडात." बुधवारी विचारलं, "रंग?" मी म्हटलं, गडद करडा. तिनं कपाळाला हात लावला. शुक्रवारी मी नमाजाहून आलो तर ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून दारात उभी.

"गाडी काढ. आणि एक लक्षात ठेव, मी काही पेंग्विन बघायला येत नाही. तुमचा मूर्खपणा बघायला येतेय."

तिकिटाच्या खिडकीसमोरून तिला न्यायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी तिला मागच्या बाजूच्या, आम्हा कामगारांच्या दारानं आत घेतलं. मला वाटलं, तिचा मान राखला. ती दाराकडे बघत म्हणाली, "मागचं दार. बरोबर आहे."

लाकडी वाटेवर जर्मन पाहुण्यांचा घोळका होता. खाली वाळूत शे-दीडशे पेंग्विन वाऱ्याला पाठ करून उभे होते. आई कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, हिला भरून आलं. ती म्हणाली, "पांढऱ्याची काय दशा करून ठेवलीय. तो पलीकडचा बघ, पोटावर नुसता चिखल. नीळ घातली तरी निघणार नाही." तेवढ्यात एकानं मान वर करून गाढवासारखं रेकायला सुरुवात केली, आणि जर्मनांनी कॅमेरे वर केले. "तुझे मामू झोपेत असेच ओरडायचे," आई म्हणाली. "त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत."

माळावर पोचलो तेव्हा वारा असा होता की माझी टोपी दोनदा गेली. आईनं हात पाठीमागे बांधून चारही ओळींतून एक फेरी मारली. मग पिशवीतून एक हातरुमाल आणि पाण्याची बाटली काढली, रुमाल चिंब भिजवला, हलका पिळला आणि तेवीस नंबरच्या घरट्यावर पसरून चारी टोकांना खडे ठेवले.

हानेके पळत आली. "मॅडम, कृपा करून घरट्यांना हात लावू नका. मनाई आहे."

"ही माझी आई," मी म्हणालो.

"घड्याळ आहे का तुझ्याकडे, पोरी?" आईनं विचारलं. "बघ मग."

हानेकेनं घड्याळ बघितलं. सहा मिनिटांनी आईनं रुमाल उचलला आणि तिच्यासमोर धरला. तो आडवा धरला तरी वाकत नव्हता. "आता यात अंडं ठेव," आई म्हणाली, "आणि चहाचं आधण टाक."

शिकलेल्या माणसांबद्दल मला एक कबूल करावं लागेल, त्यातली काही खरंच शिकतात. हानेके लाल झाली, पण तिनं वही काढली. "मग कुठं ठेवायला हवीत?"

आईनं रुमाल पुन्हा भिजवला. आणि मग ती निघाली ती थेट उताराच्या पाठीमागे, मिल्कवूडची बुटकी, गर्द झाडं आहेत तिकडे. सदतीस वर्षांनी येणारी बाई, पण एकदाही थबकून वाट शोधली नाही. झाडांच्या आड दगडी चौथरा होता, एक कोपरा पडलेला, मधून गवत उगवलेलं. मला तो माहीत होता. दाव्याच्या नकाशावर त्याच्याभोवती लाल रेघ होती. आईनं रुमाल चौथऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात पसरला आणि स्वतः दगडावर बसली.

"इथं माझी चूल होती," ती हानेकेला म्हणाली. "पंधरा वर्षं संसार केला, या घरात पायमोजा वाळला नाही. भर उन्हाळ्यात भिंत गार. लेकराचं लंगोट वाळवायला वर माळावर पळायचं. साहेब तपासायला आला त्यानं लिहून दिलं, ओलसर, ऊन अपुरं, माणसांना राहायला अयोग्य." अर्धा तास झाला. तिनं रुमाल उचलून पिळला, आणि त्यातून अजून दोन थेंब पडले. "माणसांना अयोग्य," ती पुन्हा म्हणाली.

हानेकेचे डोळे चमकले होते. ती चौथऱ्याभोवती पावलं मोजू लागली.

आणि मी, आईचा मुलगा, तिथं उभा होतो. जिथं घरटं, तिथं संरक्षित क्षेत्र, हे मला पाठ होतं. आज इथं पेंग्विन बसले की उद्या दावा कुणी हातात धरणार नाही, हे मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. पण मे महिन्याची मोजणी डोळ्यांसमोर होती, घराचं भाडं होतं, दोन मुलींची शाळा होती. मी वाकून बुटाची नाडी बांधत बसलो, जी सुटलेली नव्हती. मला त्या दिवसाची लाज वाटते.

परत येताना आई गाडीत एकच वाक्य बोलली. "मला कळत नाही असं समजू नकोस."

मार्चमध्ये घरटी हलवली. ओळी मोडल्या, दारं वाऱ्याकडे पाठ करून, काही झाडांखाली, काही पडक्या भिंतींच्या आडोशाला, तीन आमच्या चौथऱ्यात. रंगाचं मात्र कुणाला जमलं नाही, कारण करडा रंग कुठल्याशा समितीनं ठरवला होता. मोजणीच्या दिवशी चाळीसपैकी एकोणतीस घरट्यांत जोड्या होत्या. शहरात सभा झाली. हानेकेनं अहवाल वाचला, त्यात 'आर्द्रतेचे स्थानिक निरीक्षण' असे शब्द होते. टाळ्या झाल्या. हानेकेला आईचं नाव घालायचं होतं, पण अहवालात नावापुढे पदवी लिहावी लागते, आणि आईकडे लिहिण्यासारखी नव्हती. मला तीन वर्षांचा करार मिळाला. मी आईला नवं इस्त्रीचं टेबल आणलं. तिनं ते बघितलं, पाय हलवून पाहिला आणि म्हणाली, "डुगडुगतं."

त्याच आठवड्यात जमिनीच्या कचेरीचं पत्र आलं. सात वर्षांनी प्रकरणाला जाग आली होती आणि साहेब जागेची पाहणी करायला येणार होते.

साहेबांचं नाव यांकीज. पन्नाशीचा, मऊ आवाजाचा माणूस. त्याच्याही घरच्यांना दुसऱ्या एका गावातून असंच उचललं होतं, हे त्यानं आल्या आल्या आईला सांगितलं. त्याच्यासाठी मी कुंपणाचं कुलूप काढलं. ते कुंपण मीच घातलं होतं. आम्ही तिघं मिल्कवूडच्या झाडांपाशी, चौथऱ्याच्या बाहेर उभे राहिलो. आतल्या कोपऱ्यातल्या घरट्यात, सतरा नंबरमध्ये, मादी बसलेली होती. नर दारात उभा राहून आमच्याकडे कधी एका डोळ्यानं, कधी दुसऱ्या डोळ्यानं बघत होता.

यांकीजनं कागद चाळले. "आंटी, तुमचा दावा पक्का आहे. भाडेपावत्या आहेत, नकाशा जुळतो. ही पक्ष्यांची मंडळी आम्हाला न विचारता इथं शिरली. दावा आधीचा, घरटी नंतरची. उद्या मंत्री जरी आला तरी त्याला हे मान्य करावं लागेल."

आईनं मान हलवली. एवढं साधं 'तुमचं आहे' ऐकायला तिला सदतीस वर्षं लागली होती.

"फक्त एक सही लागेल," यांकीज म्हणाला आणि फाइलीतून एक छापील कागद काढला. "जागेवर सध्या ज्यांचा ताबा आहे त्यांना हलवावं, असा तुमचा अर्ज. मुदत चौदा दिवसांची. ही तीन घरटी उचलून वर माळावर नेतील. त्यांचं ते बघतील."

"आणि सही नाही केली तर?"

"तर दावा इथंच बंद होईल. बदल्यात काही भरपाई मिळेल. जागा नाही मिळणार, आंटी. पुन्हा कधीच नाही." त्यानं पेनाचं टोपण काढून पेन आईपुढे धरलं. "मी तुमच्या जागी असतो तर एक मिनिट लावलं नसतं."

मी पुढे झालो. या वेळी बुटाकडे बघितलं नाही. "आई, सही कर. माझ्या नोकरीचं मी बघेन."

"तुझ्या नोकरीसाठी थांबलेय असं वाटलं काय तुला? फार फुगू नकोस." तिनं कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि सगळा वाचला. तिला वाचायला वेळ लागतो. यांकीज पेन धरून उभा. नरानं दोन पावलं पुढे येऊन त्याच्या बुटाचा अंदाज घेतला.

आईनं कागद परत दिला. "हा कागद मी ओळखते," ती म्हणाली. "तेव्हा वर दुसरं नाव होतं, मजकूर हाच होता. मी कुणाविरुद्धही यावर सही करणार नाही."

"आंटी, ते पक्षी आहेत."

"माहीत आहे मला. घाण करतात, रात्रभर रेकतात, आणि माझ्या चुलीवर हगून ठेवलंय. मला त्यांचं काडीचं कौतुक नाही."

यांकीजनं सुस्कारा टाकला. अर्जाच्या खालच्या बाजूला एक रकाना होता, सही नाकारल्यास कारण. तो म्हणाला, "इथं काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू?"

"लिही, आत अंडी आहेत."

"एवढंच?"

"एवढं पुरतं. त्या वेळी मला सातवा महिना होता." तिनं माझ्याकडे बोट केलं, बघितलं मात्र नाही. "कागद घेऊन आलेल्या साहेबाला दिसत होतं. चांगला माणूस होता, तुझ्यासारखाच. मला बसायला स्टूल आणून दिलं, आणि मग पेन पुढं केलं."

यांकीजनं पेन खाली घेतलं. मग रकान्यात तिनं सांगितलं तेवढंच लिहिलं.